ह्या कोण?

टेबलावरच्या पांढऱ्या कापडाची सुरकुती तळहातानं सारखी करताना चंद्रावतीनं सहज खिडकीबाहेर पाहिलं आणि पणजीच्या आल्तिन्यो टेकडीच्या चढणीवरून येणारी आपली आई तिला दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीवर जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलेलं. एक हात टोपलीला, दुसऱ्या हातात काढून घेतलेल्या चपला. चढ आला की ती चपला काढते, अनवाणी पायांना रस्ता नीट लागतो म्हणते. हे सगळं दिसलं, ओळखीचं वाटलं, आणि चंद्रावतीच्या मनात पहिला शब्द उमटला तो असा होता: आजच? "आई आली" हे त्याच्यानंतर आलं. मधे गेला असेल एखादा क्षण, पण तो शब्द तिनं स्पष्ट ऐकला होता. गर्दीत मागून कुणीतरी शिवी द्यावी, आपण वळून पाहावं आणि मागं कुणीच नसावं, तो आवाज आपलाच होता असं कळावं, तसं तिला झालं. हात कापडावरच राहिला. सुरकुती तळहाताखालून निसटून टेबलाच्या कडेला गेली आणि तिथं पुन्हा उभी राहिली.

रविवार होता. सरस्वतीबाईंना, म्हणजे चंद्रावतीच्या सासूबाईंना, आज पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. जेवणावळ नको, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं; दुपारी त्यांना ग्लानी येते, संध्याकाळी डोळे दुखतात, माणसांत रमतात त्या फक्त सकाळी. म्हणून सकाळचा फराळ, मोजक्या माणसांत, पण देखणा, असं गोकुळदासनं ठरवलं होतं. गोकुळदास सचिवालयात होता. मे महिन्यात गोवा राज्य झालं तेव्हापासून तिथल्या खुर्च्या हलत होत्या, आणि दिल्लीहून नवे साहेब आले होते, मूळचे कोल्हापूरकडचे. साहेब आणि त्यांच्या पत्नी मंगलाताई आज यायचे होते, शिवाय शेजारचे डॉक्टर आणि त्यांची बायको. गोकुळदास तसा लाळघोटा माणूस नव्हता. पण "आईच्या निमित्तानं एकदा घरी येऊन जाऊ देत" हे त्यानं दोनदा म्हटलं होतं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याची नजर भिंतीवरच्या पोपड्यांकडे होती.

चंद्रावतीनं मग सगळं मनापासून केलं होतं. कपाटातल्या वरच्या फळीवरची निळ्या फुलांची चिनी मातीची भांडी काढली. ती सरस्वतीबाईंच्या लग्नातली, लिस्बनहून बोटीनं आलेली. कप, पिरें म्हणजे कपाखालच्या बशा, आमलेटाच्या पसरट बशा, चमचे, काटे. शिरा केला, केळ्याचे बन्स तळले, पातळ भाजीला पहाटे वाटप लावलं. पाववाल्या पोदेराला गरम उंडे नेमके वेळेवर आणायला सांगितलं. बागेतली पांढरी शेवंती एका बुटक्या काचेच्या भांड्यात अशी ठेवली, की समोरच्याचं तोंड झाकू नये. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतरच्या एकवीस वर्षांत ती बघून बघून शिकली होती, आणि आता इतकी शिकली होती, की बघणाऱ्याला ते शिकलेलं आहे असं वाटू नये. काल रात्री टेबल मांडून झाल्यावर तिला एक खोल समाधान वाटलं होतं. सकाळी त्या समाधानातूनच तो शब्द वर आला होता.

ती मागच्या दाराकडे गेली. आई पुढच्या दारानं येणार नाही हे तिला माहीत होतं. तसं कुणी सांगितलं नव्हतं. या घरात कधी कुणी काही सांगितलंच नव्हतं. यशोदा पहिल्यांदा लेकीकडे आली तेव्हाच घराला वळसा घालून परसातून आली होती, सवयीनं. आणि तिला पुढच्या दारानं आणायला कुणी उठलं नाही. पुढं मग तीच वाट पडली. वर्षातून एकदा, भात कापून झालं की नव्या पोह्यांची टोपली घेऊन ती पेडण्याकडच्या कोरगावहून निघायची. म्हापशाला बस बदलायची, मांडवीवरचा पूल पडल्यापासून बेतीला उतरून फेरीबोटीनं पणजीला यायची. स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा प्यायची. दुपारी परत. "म्हशीक कोण पळयतलो," म्हणायची. म्हैस विकून किती वर्षं झाली होती, तरी तेच म्हणायची.

"कोण येतले आसात?" टोपली उतरवताना यशोदानं विचारलं. तिनं बैठकीच्या खोलीत नजर टाकली नव्हती, पण तळणाचा वास घेतला होता.

"आईंचा वाढदिवस गो. साहेब येणार आहेत ह्यांचे."

"माका खबर ना आसली." यशोदा पायऱ्यांवरच थांबली. "हांव मागीर येवं?"

"नंतर कशाला? आलीस ती बरं केलंस. दमलीस तू. आत माझ्या खोलीत जरा पड. पंखा लावते."

हे बोलताना चंद्रावतीच्या आवाजात खरी माया होती. म्हणूनच तिला तो अधिक परका वाटला. आई खरंच दमली होती, तिच्या कपाळावर घाम होता, तिला पडायला हवं होतं. यातलं काहीही खोटं नव्हतं. आणि तरी या सगळ्या खरेपणाचा एक पडदा होत होता, त्याच्यामागं पलंग, पंखा आणि आई नीट बसत होती. यशोदानं लेकीकडं एकदा पाहिलं. "हांव हांगाच बसतां," ती म्हणाली आणि चुलीजवळच्या पाटावर बसली. चंद्रावतीला वाटलं, तिला नवी साडी द्यावी. ती कपाटापर्यंत गेलीही. मग मनात आलं की साडी दिली तर ते आणखी वाईट, म्हणजे साडी नेसल्याशिवाय तू इथं बसू नकोस असं होईल. न दिली तर ती या गुडघ्यापर्यंतच्या काष्ट्यातच राहील. हे दोन्ही विचार तिनं कपाटाच्या उघड्या दारात उभं राहून पुरते केले, आणि साडी न घेता परत आली. तेवढ्यात खाली मोटारीचं दार वाजलं.

माणसं आली, नमस्कार झाले. सरस्वतीबाई किरमिजी काठाची पांढरी साडी नेसून टेबलाच्या टोकाशी बसल्या होत्या. मंगलाताईंनी त्यांच्या पायांना हात लावला तेव्हा त्यांनी "आयुष्मती हो" असं जुन्या वळणानं म्हटलं. मंगलाताई मोकळ्या बाई होत्या. दिल्लीत मराठी बोलायला कुणी मिळत नाही, म्हणून इथं येऊन तोंड भरून बोलतेय असं त्यांनीच सांगितलं. टेबलाकडे पाहून त्या म्हणाल्या, "अहो, हे तर चित्रातलं आहे." गोकुळदासचे खांदे जरा खाली आलेले चंद्रावतीनं पाहिले. उंडे आले, वाफ निघाली. डॉक्टरांनी लोण्याचा भाव काढला, साहेबांनी पुलाचा विषय काढला. मग ओघानं भाषेचा निघाला, कारण त्या वर्षी गोव्यात दोन माणसं बसली की तो निघायचाच. फेब्रुवारीत कोकणी राजभाषेचा कायदा झाला होता आणि जखमा ओल्या होत्या.

"तुम्ही घरी काय बोलता हो?" मंगलाताईंनी सरळ विचारलं.

"दोन्ही," गोकुळदास हसून म्हणाला. "ही शाळेत मराठी शिकवते. भांडताना मात्र कोकणी."

सगळे हसले. चंद्रावतीही हसली. आणि हसता हसता तिला भिंतीपलीकडे पाटावर बसलेली आई जाणवली. ती ऐकत असणार. दोन्ही. यशोदा कुठली भाषा बोलते? पेडण्याकडची, अर्धी मालवणी, अर्धी कोकणी, ज्यातलं शाळेच्या वहीत काहीच चालत नसे. लहानपणी चंद्रावती घरातलं बोलणं शाळेत बोलली आणि वर्ग हसला, तेव्हा यशोदानं तिला समजावलं होतं, की बाहेरचे कपडे वेगळे असतात ना, तसं बाहेरचं बोलणंही. ते तिनं इतक्या सहज सांगितलं होतं, की त्यात दुःख असेल असं वाटलंच नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घरी यशोदा भात कांडायची, काजू भाजायची. काजूच्या तेलानं तिचे हात काळे पडत, कातडी सुटे. त्या हातांनी ती चंद्रावतीला जवळ घेत नसे. लागेल, म्हणायची. भाटकाराचं ते घर म्हणजे सरस्वतीबाईंचं माहेर. गोकुळदास मे महिन्यात मामाकडे यायचा, आणि पेडण्याच्या शाळेत नुकत्याच शिक्षिका म्हणून लागलेल्या चंद्रावतीशी आधी पुस्तकांवरून बोलायला लागला, मग पुस्तकांवाचून. लग्न ठरलं तेव्हा सरस्वतीबाई काही महिने बोलल्या नाहीत. नंतर एक दिवस "मुलगी शिकलेली आहे" एवढं म्हणाल्या, आणि तो विषय तिथं मिटला. मिटला म्हणजे पुन्हा कधी उघडलाच नाही. यशोदा त्यांना पूर्वीसारखीच "बाय" म्हणत राहिली, त्या तिला "यशोदा" म्हणत राहिल्या, आणि मधे झालेलं लग्न जणू दुसऱ्याच कुणाच्या घरात झालं होतं.

"नव्या फोवांचा वास येतोय," सरस्वतीबाई एकाएकी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली होती, लहान मूल वास घेतं तशी. पोह्यांना त्या अजून फोवच म्हणत. "यशोदा आली काय?"

चंद्रावती म्हणाली, "हो, आत्ताच आली."

"मग सांगितलं नाहीस? यशोदा, गोडाचे कर आणि हाड गो थोडे."

आतून "हाडतां, बाय", आणते, असा आवाज आला. काही वेळानं यशोदा दारात आली. तिच्या हातात चंद्रावतीनं बाजूला ठेवलेली साधी पितळी परात होती, चिनी मातीच्या भांड्याला तिनं हात लावला नव्हता. पोह्यांवर गूळ, ओलं खोबरं, वेलची. तिनं परात टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, कापडाला डाग लागू नये म्हणून खाली फडकं धरून. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती एक पाऊल मागं सरली. मंगलाताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग चंद्रावतीकडे, आणि ज्या सहजतेनं त्यांनी भाषेचं विचारलं होतं त्याच सहजतेनं विचारलं,

"ह्या कोण?"

चंद्रावतीनं तोंड उघडलं. हे तिला नंतर स्पष्ट आठवत होतं: तिनं तोंड उघडलं होतं, ती सांगणार होती. ही माझी आई. तीन शब्द, पहिलीतल्या मुलांना फळ्यावर लिहून द्यावेत असे. ते जिभेपर्यंत आलेही होते. आणि तिथं ते थांबले. तिनं त्यांना थांबवलं नव्हतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवावा आणि ती पायरी नसावीच, तसं काहीतरी झालं. त्या पोकळीत तिला टेबलावरच्या सगळ्या वस्तू एकाच वेळी आणि फार बारकाईनं दिसल्या. लोण्यात रुतलेली सुरी, साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ, शेवंतीवरून उतरत चाललेली एक बारीक मुंगी.

"मी ह्यांच्याकडं कामाला होते, बाई," यशोदा म्हणाली. "कोरगावची. चंद्रावतीबाईंना लहानपणापासून बघितलंय."

स्वच्छ मराठीत. चंद्रावतीनं आईच्या तोंडून असं मराठी कधी ऐकलं नव्हतं. कुठून आणलं तिनं? भाटकाराच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांचं ऐकून? की लहानपणी चंद्रावती कंदिलाशी बसून मोठ्यानं धडे वाचायची, तेव्हा चुलीपुढं बसून? बाहेरचं बोलणं बाहेरच्या कपड्यासारखं अंगावर घेऊन ती उभी होती, आणि ते तिला अगदी बेताचं बसलं होतं. आणि ती म्हणाली होती: चंद्रावतीबाई.

"अशी जुनी माणसं आता मिळत नाहीत," मंगलाताई मनापासून म्हणाल्या.

गोकुळदासनं घसा साफ केला. आता तो सांगेल, असं चंद्रावतीला वाटलं. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा. गोकुळदास म्हणाला, "साहेब, आणखी एक उंडा घ्या, गरम आहे." ते बोलताना त्याचे कान लाल झाले होते. मग तिनं सरस्वतीबाईंकडं पाहिलं. त्या काहीच करत नव्हत्या. खात नव्हत्या, बोलत नव्हत्या, हातातला चमचा बशीवर टेकवून नुसत्या चंद्रावतीकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्या वाट बघत होत्या. हे चंद्रावतीला कळलं, आणि कळून तिच्या हातांनी काय केलं, तर किटली उचलली आणि डॉक्टरांच्या कपात चहा ओतला. डॉक्टरांचा कप भरलेलाच होता. चहा पिऱ्यात सांडला, तिथून कापडावर. डॉक्टरांची बायको "राहू दे, राहू दे" म्हणाली. कापडावर तपकिरी डाग हळूहळू रुंदावत गेला.

आणि नवल हे, की त्यात काही खोटं नव्हतं. यशोदा खरोखरच ह्यांच्याकडं कामाला होती. चंद्रावतीला तिनं लहानपणापासून बघितलं होतं. एकेक शब्द सोन्यासारखा खरा होता, आणि त्या खऱ्या वाक्याच्या आडोशाला सगळं घर चुपचाप उभं राहिलं होतं. आपण घाबरलो नव्हतो, लाजलोही नव्हतो, असं चंद्रावतीला वाटत होतं. त्यातलं काही असतं तर बरं झालं असतं, त्याला नाव देता आलं असतं. आत फक्त एक जागा रिकामी होती. तीन शब्दांची. मंगलाताई पोहे खात होत्या, वा म्हणत होत्या. साहेब विचारत होते, हे पोहे हातानं कांडलेले का. यशोदा उत्तर देत होती, "होय साहेब, वायनात. उखळात." तिचा आवाज जराही कापत नव्हता. बोलणं पुढं गेलं होतं, पुलावर, शाळांवर, डिसेंबरातल्या चर्चच्या फेस्तावर, आणि त्या वाक्याच्या वरून माणसं आता येजा करू लागली होती. प्रत्येक वाक्यासरशी ते खाली दबत होतं. आत्ता सांगितलं तर? आत्ता सांगायचं तर आधीचं न सांगणंही सांगावं लागेल. आणखी थोड्या वेळानं आणखी जास्त. चंद्रावती हसत होती, वाढत होती, "घ्या ना" म्हणत होती. इतकं सुरेख आदरातिथ्य तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

मंगलाताईंचं खाणं संपलं. त्यांनी बशी बाजूला सारली, यशोदा जवळच उभी दिसली तेव्हा उचलून तिच्यापुढं धरली. "एवढं घेऊन जा हं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. यशोदानं दोन्ही हात पुढं केले आणि उष्टी बशी घेतली.

"ती खाली ठेव, यशोदा," सरस्वतीबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण टेबलाभोवतीचं बोलणं थांबलं. यशोदा बशी धरून तशीच उभी राहिली.

"मंगलाताई, ती माझी विहीण आहे," सरस्वतीबाई म्हणाल्या. "गोकुळ, तिला खुर्ची दे."

गोकुळदास इतक्या घाईनं उठला, की त्याची स्वतःचीच खुर्ची मागं पडली. मंगलाताईंनी एकदा सरस्वतीबाईंकडं पाहिलं, एकदा यशोदाकडं, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "असं हवं, आजी," त्या म्हणाल्या. "खरंच, असं हवं. बसा हो, बसा." डॉक्टरांनी बशी यशोदाच्या हातून काढून घेतली. यशोदा खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, हात मांडीवर. निळ्या फुलांच्या बशीत चंद्रावतीनं तिला शिरा वाढला. एकवीस वर्षांत विहीण हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता, आणि उच्चारला तो जिच्या तोंडून येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं तिनं. चंद्रावतीला हायसं वाटायला हवं होतं. तिला वाटलं ते असं, की कुणीतरी आपल्या हातातली वस्तू काढून घेतली, आणि ती आता परत मिळणार नाही. सासूनं सांगितलं. लेकीनं नाही. आता हे असंच राहणार.

"चड नाका," बशीवर हात आडवा धरत यशोदा हळूच म्हणाली. "पुरो करा." करा म्हणाली. कर नाही.

पाहुणे गेले. गोकुळदास त्यांना मोटारीपर्यंत पोचवून आला आणि आईच्या पायाशी बसला. म्हणाला, "तू सांगितलंस ते बरं झालं." सरस्वतीबाई म्हणाल्या, "मला पडू दे आता." चंद्रावतीकडं न बघता त्या आत गेल्या. चंद्रावती स्वयंपाकघरात आली तेव्हा यशोदा पदर खोचून भांडी घासायला बसली होती. चंद्रावतीनं तिच्या हातातून काथ्या काढून घेतला. कुठून सुरुवात करावी हे न कळून तिनं शेवटूनच केली.

"आये, तू असं कित्या सांगितलंस?"

"कसें?"

"कामाला होते म्हणून."

यशोदानं जरा विचार केला. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, की काही मोठं केल्याचा आवही. दूध उतू जाताना पाहिलं म्हणून भांडं खाली उतरवलं, तसा तिचा स्वर होता. "तुजें तोंड उगडें रावलें गो," ती म्हणाली. "ती बाई पळयताली. कोणेंतरी कितेंतरी सांगूंक जाय आसलें."

"मी सांगणार होते."

"आसतलें," यशोदा म्हणाली. तिनं ते मान्य केलं, वाद घातला नाही, आणि राखेच्या डब्याकडं हात नेला. एवढंच. चंद्रावतीला वाटलं होतं ती रडेल, किंवा रागावेल, किंवा आपण रडू. त्यातलं काही झालं नाही. नळाचं पाणी पडत राहिलं. आपलं तोंड उघडं राहिलेलं आईला दिसलं होतं, ती बाई बघत होती, कुणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं, आणि आईनं त्या उघड्या तोंडावर हात ठेवावा तसं ते वाक्य ठेवलं होतं, इतक्या चटकन, की जणू ते वाक्य तिच्यापाशी कधीपासून तयार होतं. कधीपासून? लग्नापासून? की पहिल्यांदा परसातून आली, त्या दिवसापासून? दर वर्षी फेरीबोटीतून येताना ती टोपलीसोबत ते वाक्यही आणत असेल, लागलं तर असावं म्हणून.

दुपारी यशोदा निघायच्या तयारीत असताना बैठकीतला टेलिफोन वाजला. गोकुळदास वर्तमानपत्र वाचत होता. तो उठण्याआधी चंद्रावतीनं घेतला. मंगलाताई होत्या.

"घरी पोचलो आणि राहवलं नाही म्हणून केला," त्या म्हणाल्या. "काय सुरेख केलंत सगळं. आणि एक सांगू? तुमच्या सासूबाईंनी मला जिंकलं. घरच्या कामाच्या बाईला चारचौघांत विहीण म्हणायचं, शेजारी खुर्ची द्यायची, एवढं मोठं मन आजकाल कुणाचं असतं? साहेब गाडीत तेच म्हणत होते. मी तर माझ्या बहिणीला पत्रात लिहिणार आहे."

टेबल अजून तसंच होतं, कापडावरचा चहाचा डाग सुकून कडेला गडद झाला होता. म्हणजे मंगलाताईंना कळलंच नव्हतं. सरस्वतीबाईंचं एकवीस वर्षांनी निघालेलं वाक्य त्या बाईपर्यंत पोचलंच नव्हतं. आईच्या वाक्याला आपटून ते दुसरीकडेच जाऊन पडलं होतं. आईचं वाक्य किती मजबूत होतं. आणि चंद्रावतीनं हरवली म्हणून सोडून दिलेली वस्तू पुन्हा तिच्याच हातात येऊन पडली होती, आता कुणीही वाट बघत नसताना. पलीकडे मंगलाताई विचारत होत्या, की ते पोहे कुठं मिळतील. गोकुळदासनं वर्तमानपत्र खाली केलं होतं आणि तो तिच्याकडं बघत होता. त्यानं काही ऐकलं नव्हतं, पण त्याचे कान पुन्हा लाल व्हायला लागले होते. हो हो म्हणून फोन ठेवता आला असता. मंगलाताईंनी बहिणीला लिहिलं असतं.

"मंगलाताई," ती म्हणाली. "त्या कामाच्या बाई नाहीत. म्हणजे, होत्या. ती माझी आई आहे."

बोलून झालं. काही कोसळलं नाही. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मग मंगलाताईंचा आवाज आला, पण तो सकाळचा नव्हता. एकदम म्हातारा झाला होता.

"मी त्यांच्या हातात उष्टी बशी दिली," त्या म्हणाल्या. "चंद्रावतीबाई, मला कुणी सांगितलं का नाही?"

चंद्रावतीनं "मी नंतर करते फोन" असं काहीतरी म्हटलं आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. एवढंच होतं ते. एका श्वासात मावलं होतं. यासाठी एकवीस वर्षं? तिला त्या शब्दांपेक्षा ते इतके लहान असल्याचाच धक्का बसला होता. एवढ्याशा वस्तूच्या भीतीनं सगळं घर मागच्या दारानं चालत आलं होतं. ती वळली. स्वयंपाकघराच्या दारात यशोदा उभी होती, चुंबळ हातात, रिकामी टोपली कमरेवर. सकाळपासून जिचा आवाज एकदाही हलला नव्हता त्या बाईचा चेहरा सगळा विस्कटून गेला होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुका कोणें सांगूंक सांगिल्लें?" ती म्हणाली. टोपली सुटून खाली पडली. चौकटीला धरत धरत ती उंबऱ्यावर बसली, पदर तोंडात कोंबला, आणि तिची पाठ गदगदू लागली. आवाज मात्र बाहेर येऊ देत नव्हती, परक्याच्या घरात असल्यासारखी.

चंद्रावती तिच्याजवळ गेली आणि जमिनीवर बसली. गोकुळदास उभा राहिला होता, पण पुढं आला नाही. आईला धरायला हवं होतं. चंद्रावतीनं हात पुढं केला, आणि तो मधेच थांबला. कुठं धरायचं असतं तिला, खांद्याला की हाताला, हेच तिला आठवेना.